अंगाने दांडगा की हाताने कसबी?

चैत्र-वैशाखात शिरूर आणि दौंड तालुक्यांत गावोगावी जत्रा भरतात. ऊन कलले की हलगी कडाडते आणि मैदानात कुस्त्या सुरू होतात. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या, मग रोख इनामाच्या, आणि शेवटी मानाची. या कुस्त्यांची जोड बहुतेक ठिकाणी पंचांच्या नजरेने लागते, वजनकाट्याने नाही. अशा वेळी एखादे किरकोळ अंगाचे पोर दांडग्या गड्याला चीत करते, फेटे उडतात आणि पुढे वर्षभर पारावर तीच कुस्ती सांगितली जाते. त्याच मैदानात इतर दांडग्यांनी किती किरकोळ पोरे दाबून टाकली, ते मात्र कुणी सांगत नाही. ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ ही म्हण आपण शाळेपासून ऐकतो. ती पूर्ण खरी आहे का, हे तपासण्याची आता गरज आहे.

गरज अशासाठी, की आपली मुले, आणि मुलीसुद्धा, कुस्तीच्या जोडीने बॉक्सिंगकडे वळू लागली आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर खाकी वर्दी असते. राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट, पाच आणि सात क्रमांकाचे, दौंडलाच आहेत. खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. मोलमजुरी करणाऱ्या घरातून पोरगे रिंगणात उतरते तेव्हा त्यामागे नुसती हौस नसते, सगळ्या घराची आशा असते. म्हणून आमचे पालकांना सांगणे आहे की, दांडगा आणि कसबी यांची लढत नेमकी कशी होते ते नीट समजून घ्या.

ठोसा नुसत्या दंडाचा नसतो. तो पायाच्या टाचेतून निघतो, कमरेत फिरतो, खांद्यातून पुढे जातो आणि मुठीत पोहोचतो. ज्याला हे साधले त्याचा ठोसा त्याच्या अंगापेक्षा भारी पडतो. ज्याला साधले नाही तो कितीही धिप्पाड असला तरी नुसता हात फेकतो आणि दुसऱ्या फेरीत धापा टाकतो. नवशिक्या दांडग्यापुढे मुरलेला लहान बॉक्सर हमखास जिंकतो, याबद्दल शंका नको.

पण दोघेही शिकलेले असले तर? मग वजन बोलू लागते. उंच माणसाचा हात लांब, त्यामुळे लहानाला आधी मार खात आत शिरावे लागते. आत शिरला की मोठा त्याला मिठी मारतो आणि आपला सगळा भार त्याच्या मानेवर टाकतो. लहानाचे पाच ठोसे मोठा सोसतो, मोठ्याचा एक लहानाला सोसत नाही. म्हणजे मोठ्याला चूक परवडते, लहानाला परवडत नाही. सगळा फरक इथे आहे.

जगाच्या रिंगणात दोन्ही तऱ्हांचे दाखले आहेत. 21 डिसेंबर 2024 रोजी सौदी अरेबियात रियाधला युक्रेनच्या ओलेक्सांडर उसिकने इंग्लंडच्या टायसन फ्युरीला दुसऱ्यांदा हरवले. वजनकाट्यावर दोघांत सुमारे 25 किलोंचा फरक होता. पण उसिक काही किरकोळ नव्हे. तोही शंभर किलोंच्या वरचा, आणि 2012 च्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. आता उलटी बाजू पाहा. 1934 साली मायामीत इटलीच्या प्रिमो कार्नेराची टॉमी लफ्रनशी गाठ पडली. लफ्रन कसबात कितीतरी सरस होता, पण कार्नेरा त्याच्यापेक्षा जवळजवळ 39 किलोंनी भारी होता. 15 फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला तो कार्नेरा. 1941 साली न्यूयॉर्कमध्ये बिली कॉन हा हलका गडी जगज्जेत्या जो लुईशी 12 फेऱ्या अशा सफाईने लढला की गुणांत तोच पुढे होता. तेराव्या फेरीत तो सापडला आणि लुईने त्याला तिथेच झोपवले.

आपल्या मेरी कोमचे उदाहरण तर प्रत्येक मुलीला माहीत असावे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बायकांचे बॉक्सिंग प्रथमच आले, पण त्यात सर्वांत हलका गट 51 किलोंचा होता. मेरीने तोवर पाच वेळा जगज्जेतेपद मिळवले होते, ते याहून हलक्या गटांत. तिला आपला गट सोडून वर चढावे लागले. तिने कांस्यपदक आणले, ही तिच्या कसबाची थोरवी. पण उपांत्य फेरीत इंग्लंडच्या उंच निकोला ॲडम्सने तिला 11-6 असे हरवले. चार-पाच किलोंचा फरकही त्या पातळीवर अंगावर येतो.

शिरूरच्या माणसाला अशा विषम लढतीचा आणखी एक दाखला घरचाच आहे. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली सुमारे 800 जणांची तुकडी, जिच्यात आपल्या महार शिपायांचा मोठा भरणा होता, रातोरात सुमारे 40 किलोमीटर चालून सकाळी कोरेगावला पोहोचली. समोर पेशव्यांचे कित्येक पटींनी मोठे सैन्य. या तुकडीने उघड्या माळावर छाती काढून लढाई दिली नाही. ती गावात शिरली, भिंती-घरांचा आडोसा घेतला आणि अन्नपाण्यावाचून दिवसभर गल्लीबोळांत झुंजली. रात्री पेशव्यांचे सैन्य मागे हटले. हा पराक्रम आपण दरसाल 1 जानेवारीला स्मरतो. पण त्याची किंमतही स्मरावी. तुकडीतील 275 जण मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. लहान बाजूला टिकायचे तर शिस्त हवी, दम हवा आणि जागा आपण निवडलेली हवी. एवढे सगळे असूनही लहानाचे रक्त फार सांडते.

मुष्टियुद्धाच्या जाणत्यांनी हे फार पूर्वी ओळखले. 1904 साली सेंट लुई इथे ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग आले तेच वजनगट घेऊन. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे 7 आणि महिलांचे 6 गट होते. काहींना वाटते, वजनगट म्हणजे दुबळ्यांची सोय. आम्हाला ते मान्य नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांचा गट 57 किलोंचा. त्यांना शंभर किलोंच्या मल्लांशी लढा म्हटले असते, तर जगाला त्यांचे डाव दिसलेच नसते. वजनगट कसबाला झाकत नाही. वजन सारखे झाले की मग उरते ते फक्त कसब, आणि तेच पंचांना दिसते.

आता पालकांसाठी चार गोष्टी. मुलाला तालमीत घालाल तेव्हा वस्तादांना पहिला प्रश्न विचारा की, सरावाची लढत कुणाबरोबर लावता? “मोठ्याचा मार खाल्ला की पोरगा घट्ट होतो,” असे उत्तर आले तर मुलाला घरी आणा. डोक्याला बसणाऱ्या ठोशाने पोरगा घट्ट होत नाही. डोक्यावरच्या टोपाने जखम टळते, पण आत मेंदू हलायचा तो हलतोच. मार लागल्यावर डोके दुखले, उलटी झाली, बोलणे अडखळले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय पुन्हा हातमोजे चढवू देऊ नका.

दुसरे असे, की खालच्या गटात बसावे म्हणून वाढत्या वयाच्या पोरांना उपाशी-तहानलेले ठेवू नका. पॅरिसला विनेश फोगाट अवघ्या 100 ग्रॅम वजनासाठी अंतिम लढतीला मुकली. रात्रभर घाम गाळूनही ते उतरले नाही. एवढी नामवंत खेळाडू, तिची ही गत, तर आपल्या चौदा वर्षांच्या पोराचे काय? त्याला भाकरी, डाळ, अंडी, दूध पोटभर द्या. तो ज्या गटात बसेल त्या गटात लढू द्या.

तिसरे, पोर लहान चणीचे असेल तर खंत करू नका. त्याच्यासाठी गट आहे. मात्र पायांची हालचाल, बचाव आणि दम यांवर त्याने दुप्पट मेहनत घ्यावी. चौथे दांडग्या पोरांच्या आईबापांना. त्याच्या अंगावर विसंबू नका. गावात आज तो सगळ्यांना लोळवतो, पण जिल्ह्याला गेला की समोरचाही त्याच्याच वजनाचा असणार. तिथे ज्याने शिकायचा कंटाळा केला तो पहिल्याच फेरीत परत येतो.

म्हणून जत्रेत जोड बेजोड दिसली तर टाळ्या पिटत बसू नका. उठून पंचांना सांगा, जोड बदला. आपल्या घरचे पोर रिंगणात असते तर आपण काय केले असते, एवढाच विचार त्या वेळी पुरे आहे.