गंजावरची लांबी
(द्वितीय वर्ष, कला)

"आर्ट्सला आहेस ना? मग हाताला हे काळे कसले लागले आहे?" दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडले, तेव्हा एका मित्राने मला विचारले. मी हात खिशात घातला आणि काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरे उत्तर असे होते, की सबंध सुट्टी मी आमच्या अंगणात एका जुन्या मोटारीखाली पडून काढली होती. ते उत्तर आता सविस्तर देतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चिपळूणला पत्र्याचे काम करतात. अपघातात चेपलेल्या, पावसाने कुजलेल्या गाड्यांचे पत्रे ते ठोकून, कापून, जोडून देतात. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले. त्यात बुडालेल्या गाड्यांपैकी एक होती 1983 ची प्रीमियर पद्मिनी. मालक ती मोडीत काढायला निघाले, तेव्हा अण्णांनी भंगाराच्या भावाने ती घेतली. तोवर आमच्या दारात आलेली प्रत्येक मोटार दुसऱ्याची होती.

ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. 1964 साली फियाट 1100 डिलाइट, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि त्यानंतर पद्मिनी, अशी तिची नावे बदलत गेली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या आणि लोकांना तिची एकाएकी आठवण येऊ लागली. आमच्याकडेही एक गृहस्थ आले. त्यांना लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने द्यायला अशी गाडी हवी होती. म्हणाले, "खालून कोण बघतो हो? लांबी भरा, रंग मारा, मार्चपर्यंत द्या." त्यांनी सांगितलेल्या रकमेत माझी आणि धाकट्या बहिणीची दोन वर्षांची फी सहज निघाली असती.

लांबी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायचा लगदा. लहानशा पोच्यावर, चांगल्या पत्र्यावर तिचा पातळ हात द्यायला काहीच हरकत नाही. पण गंजाने पडलेल्या भोकात ती भरून वरून रंग मारला, तर गाडी एक पावसाळा नवी दिसते. आत ओल धरलेली असतेच. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात आणि लांबीची खपली हातात येते. तोवर गाडी विकून झालेली असते.

माझे स्पष्ट मत आहे, की ही दुरुस्ती नव्हे, फसवणूक आहे. पद्मिनीच्या बाबतीत तर ती जिवावर बेतू शकते. जीपला जशी खाली स्वतंत्र चेसी असते, तशी हिला नाही. तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ पेट्या हाच हिचा सांगाडा. तोच कुजला तर वरच्या चकचकीत रंगाच्या आधारावर नवरानवरीला बसवायचे काय?

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही, चुकीतून आले आहे. सीट आणि खालचे जाजम काढले, तेव्हा पुराचा गाळ तसाच वाळून बसलेला होता. ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढे भोक होते. मी मोठ्या उत्साहाने त्यावर पत्र्याचे ठिगळ ठेवले आणि चारी बाजूंनी वेल्ड केले. अण्णांनी हातोडीचा एकच ठोका मारला. माझे ठिगळ शाबूत राहिले, पण त्याच्या कडेचा जुना पत्रा टरकन फाटला. अण्णा म्हणाले, "गंजाला टाका लागत नाय रे. आधी जिवंत पत्रा गाठ."

जिवंत पत्रा गाठायचा म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने टोचत जायचे आणि तो आरपार जाणे थांबेपर्यंत ग्राइंडरने कापायचे. तळहाताएवढे भोक अशाने परातीएवढे होते, आणि हीच खरी धीराची वेळ. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याबरहुकूम 20 गेजचा, म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर जाडीचा पत्रा काढायचा. इतक्या पातळ पत्र्याला साधी वेल्डिंगची कांडी लावली, तर जोडण्याऐवजी भोकच पडते. म्हणून अण्णांनी ओळखीच्या एकाकडून सीओटू मशीन आणले. एका दमात रेघ ओढायची नाही. इथे एक टाका, मग समोरच्या कडेला एक, निवू द्यायचे आणि पुन्हा मधले भरायचे. घाई केली तर उष्णतेने पत्रा पापडासारखा वाकतो. दारांखालची पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचा आडवा आधार वेल्ड करावा लागतो, नाहीतर गाडी मधे बसते आणि दारे पुन्हा लागत नाहीत. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी आधीच काढून दूर ठेवायची, वाळूची बादली जवळ ठेवायची. एकदा मी काच न धरता क्षणभर पाहिले, तर रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे झाले. आणि शेवटी पेटीच्या आतून तेल फवारायचे, खालची पाणी निघायची भोके मोकळी ठेवायची. ती गाळाने तुंबली होती म्हणून तर पेटी आतून कुजली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अण्णांनी स्वतः आयुष्यभर लांबी भरली आहे. "गिऱ्हाइकाला रंग दिसतो, वेल्डिंग दिसत नाय. मी सगळं कापत बसलो तर ते शेजारच्याकडे जातं. तुमची पोटं कशावर भरली?" ते म्हणाले. मला उत्तर सुचले नाही. ज्या लांबीला मी फसवणूक म्हणतो, तिच्यावरच मी कॉलेजपर्यंत आलो. म्हणून माझा राग कारागिरावर नाही. स्वस्तात आणि मार्चपर्यंत मागणाऱ्या आपणा सर्वांवर आहे. खालून न बघणारे गिऱ्हाईक आहे तोवर खालून चांगले काम करणारा उपाशीच राहणार.

त्या गृहस्थांना अण्णांनी गाडीखाली वाकायला लावले आणि सारे दाखवले. ते पुन्हा आले नाहीत. आईने दोन दिवस अबोला धरला आणि फीची जुळवाजुळव अजून चालूच आहे. गाडीची डावी बाजू झाली, उजवी राहिली आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रवेशाच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' असे लिहिले होते. अण्णांनी वाचून न वाचल्यासारखे केले आणि सही केली. तीही लांबीच होती, आणि ती मी भरली होती. तृतीय वर्षाच्या फॉर्ममध्ये तिथे 'पत्राकाम व वेल्डिंग' असे लिहीन. मित्राने पुन्हा हाताबद्दल विचारले, तर त्याला रविवारी घरी बोलावीन. उजवी बाजू धरायला एक माणूस हवाच आहे.