फुटपाथवरचा माणूस गावचाच



मुंबई पाहून आलेला पारावर सांगतो, "फुटपाथवर राहणारे सगळे आळशी." हे खरे नव्हे. पदपथवासीयांच्या ज्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला, त्यातला एक अर्जदार संगमनेरकडचा, जोडे शिवणारा. दिवसाची कमाई ७-८ रुपये. घर पडले, तेव्हा १९६९च्या सुमारास तो मुंबईस गेला. बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपये मिळू लागले. पण फुटपाथवरच्या जागेसाठी गुंडाला ३०० मोजले, बांबू-प्लॅस्टिकला ७०० गेले. आळशी माणूस एवढे करील काय?

गावात कुणाचे घर पडले तर आधी पडवीत आसरा द्या, आणि घरकुलासाठी त्याचे नाव ग्रामसभेत मांडा. फुटपाथची वाट गावातूनच सुरू होते.