‘काळाचे अपत्य’ म्हणून सुटका नाही



रॉबर्ट लुईस डॅबनी यांच्यावरील लेखाला उत्तर देताना एका वाचकांनी लिहिले, की व्हर्जिनियाचा हा धर्मोपदेशक आपल्या काळाचे अपत्य होता. त्याला आजच्या मापाने मोजू नये. हे मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. तिची पाठराखण करणारे डॅबनींचे ‘अ डिफेन्स ऑफ व्हर्जिनिया’ प्रसिद्ध झाले १८६७ मध्ये! त्याच वर्षी त्यांनी धर्मसभेत कृष्णवर्णीयांना पाद्रीपद देण्यास कडाडून विरोध केला. काळ पुढे गेला होता, हे गृहस्थ हट्टाने मागे राहिले.

मॉन्क्युअर कॉनवे हेही व्हर्जिनियाचेच, गुलाम बाळगणाऱ्या घरात वाढलेले आणि धर्मोपदेशकच. ते गुलामगिरीविरुद्ध उभे राहिले. मग त्यांचा काळ वेगळा होता काय? आणि ज्या आयांची लेकरे लिलावात विकली गेली, त्याही त्याच काळातल्या होत्या. त्यांचे मत कोणी विचारात घ्यायचे?

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. डॅबनींची बाजू घेण्यापूर्वी पत्रलेखकांनी ती अर्पणपत्रिका एकदा वाचावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा