‘हॅव’ आणि मराठी ‘असणे’
इंग्रजीतील ‘हॅव’ या क्रियापदाचा अर्थ पुष्कळदा ‘जवळ असणे’ एवढाच शिकविला जातो. तो अपुरा आहे. भाऊ, ताप, सुटे पैसे, मोटार या साऱ्यांना इंग्रजी एकाच क्रियापदात बांधते. मराठीत मात्र ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला ताप आहे’. पण ‘माझ्याजवळ सुटे पैसे आहेत’, ‘त्यांच्याकडे मोटार आहे’. नात्याला व व्याधीला चतुर्थी, हाताशी असलेल्या वस्तूला ‘जवळ’, मालकीच्या वस्तूला ‘कडे’. (चहाच्या बाबतीत तर ‘हॅव’ म्हणजे सरळ ‘घेणे’!) संस्कृतातही असे काम बहुधा षष्ठी आणि ‘अस्ति’ यांवरच भागते. अनुवादात ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ असे वाक्य आले, की भाऊ शेजारी बसलेले दिसतात, नाते हरवते. हा दोष अनुवादकापेक्षा शब्दास शब्द देणाऱ्या अध्यापनाचा अधिक आहे.