लोहचुंबकाची साक्ष कितपत ग्राह्य?

भांड्यांच्या दुकानी हल्ली लोहचुंबकास न्यायाधीशाचे स्थान प्राप्त झाले आहे. गिऱ्हाईक तो पातेल्यास लावते, आणि चिकटला की ‘स्टील खोटे’ असा निकाल देऊन मोकळे होते. आमच्या प्रतापनगरातील एका घरी नव्या सुनेच्या माहेरून आलेल्या डब्यांची अशीच परीक्षा झाली, आणि त्या बिचारीस महिनाभर टोमणे ऐकावे लागले. तेव्हा या साक्षीदाराची योग्यता तपासून पाहणे अगत्याचे आहे.

सुई चुंबकाकडे सरकते ही गोष्ट कणादांच्या वैशेषिक सूत्रांतही आली आहे. तेथे तिचे कारण ‘अदृष्ट’ म्हणून सांगितले आहे. आज ते अदृष्ट बरेचसे दृष्ट झाले आहे. लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक चिमुकला चुंबकच होय. अशा अणूंचे जथे साध्या खिळ्यात निरनिराळ्या दिशांस तोंडे करून असतात; चुंबक जवळ येताच ते एका दिशेस वळू लागतात, खिळा स्वतःच तात्पुरता चुंबक बनतो आणि ओढला जातो. सुमारे ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्यास अणूंची ही शिस्त मोडते. नित्य परिचयाच्या धातूंपैकी लोखंड, निकेल व कोबाल्ट यांतच हा गुण ठळकपणे आढळतो. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, चांदी, सोने यांस चुंबक विचारीत नाही. (सोने चुंबकाने पारखणाऱ्यांनी पितळही त्यास चिकटत नाही, हे ध्यानी धरावे.)

खरी गंमत मिश्रधातूंत आहे. १९५० सालचा रुपया शुद्ध निकेलचा, तो चुंबकास चिकटतो. १९७५ पासूनच्या रुपयात पाव हिस्सा निकेल असून तो चिकटत नाही, कारण बाकीचे तांबे. आणि १९९२ पासूनचा पोलादी रुपया पुन्हा चिकटतो. केवळ घटकांच्या नावांवरून निर्णय होत नाही. अणूंची रचना कशी बसली, हे पाहावे लागते.

स्टीलचेही तसेच. त्याचा गंजरोधक गुण मुख्यतः क्रोमियमचा. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल घातलेल्या पोलादात लोखंडच अधिक, पण निकेलमुळे अणूंची मांडणी अशी बदलते की चुंबक त्यास ओढीत नाही. निकेलवाचून केलेले क्रोमियमचे स्टील ओढले जाते. मिठाखारापुढे ते काहीसे उणे पडेल, परंतु त्यास खोटे म्हणणे हा अन्याय होय.

आता उलट बाजू पाहू, आणि येथे आमच्या नागपूरचा संबंध येतो. रामटेकजवळच्या मनसर, कांद्री येथील खाणींतून निघणारे मँगनीज पोलादाच्या कामी येते. मँगनीज धातूस घरातला चुंबक ओढीत नाही; पण १९०३ साली हॉयस्लर या जर्मन शास्त्रज्ञाने तांबे, ॲल्युमिनियम व मँगनीज, म्हणजे एकटेपणी न ओढले जाणारे तीन धातू, एकत्र करून चुंबकास चिकटणारा मिश्रधातू दाखविला! पोलादात मात्र हेच मँगनीज निकेलचे काम पुष्कळसे करते. म्हणून महाग निकेल कमी करून मँगनीज वाढविलेले, २०० मालिकेचे म्हणून ओळखले जाणारे स्वस्त स्टीलही चुंबकास दाद देत नाही. ‘पाहा, चिकटत नाही, अस्सल १८-८!’ असे सांगून विक्रेता याच मालाचे अधिक दाम घेऊ शकतो. चिकटणारे भांडे टाकून देणारा चिकित्सक ग्राहक नेमका येथे फसतो. भांड्यावरील व पावतीवरील प्रतीचा उल्लेख पाहावा. तरीही संशय राहिल्यास रासायनिक परीक्षेवाचून गत्यंतर नाही.

इंडक्शन शेगडीच्या बाबतीत मात्र चुंबकाची साक्ष कामाची आहे. ज्या भांड्याच्या बुडास तो घट्ट चिकटतो, ते भांडे बहुधा त्या शेगडीवर तापते. परीक्षा बुडाचीच करावी. दाबून वळविलेल्या काठाशी १८-८ चे भांडेही किंचित ओढले जाते.