कुत्रा सर्वांचा, केर कोणाचा?

गेल्या महिन्याच्या टपालांत पुण्याच्या एका भगिनीचें पत्र आलें आहे. घर दोन खोल्यांचें, मिळकत बेताची. घरांत वृद्ध सासरे, शाळेंत जाणारे दोन मुलगे आणि वर्षापूर्वीं थोरल्यानें रस्त्यावरून उचलून आणलेला एक कुत्रा. त्या लिहितात : "सासूबाई गेल्यापासून मामंजींचा सारा वेळ त्याच्याच संगतींत जातो, म्हणून त्याला घराबाहेर काढण्यास मन धजत नाहीं. परंतु केंस, वास आणि पिसवा यांनीं मी अगदीं टेकीस आलें आहें. बाजारांतील औषधांच्या बाटल्या आणून महिन्याचा हिशेब जुळत नाहीं तो नाहींच."

हें दुःख एकट्या या भगिनीचें नाहीं. श्रीदत्तात्रेयांच्या तसबिरींतील चार श्वानांपुढें आपण हात जोडतों. सोबतच्या श्वानाला टाकून स्वर्गांत जाण्याचें धर्मराजानें नाकारलें, ही कथा मुलांना कौतुकानें सांगतों. परंतु त्या श्वानांच्या मागें फरशी कोण पुसत होतें, हें कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं! तेव्हां त्याचा विचार आपणच केला पाहिजे.

पहिली गोष्ट ही कीं, कुत्रा असलेल्या घराची स्वच्छता फरशीपासून सुरू होत नाहीं. ती कुत्र्याच्या अंगापासून आणि उंबरठ्यापासून सुरू होते. आपल्याकडील गावठी कुत्र्याचे केंस आंखूड असले तरी ते बारा महिने गळतात, व ऋतु पालटतांना अधिकच. रोज पांच मिनिटें गच्चींत नेऊन रबरी दातांच्या ब्रशानें त्याचें अंग विंचरावें. जो केंस तेथें निघाला तो घरांत पडत नाहीं. कोरड्या केरसुणीनें केंस उडतात आणि पुन्हां खालीं बसतात; म्हणून आधीं ओलसर पिळलेलें फडकें फिरवून ते गोळा करावे व मग केर काढावा. सतरंजीवरून भांडीं घासण्याचा रबरी हातमोजा किंचित् ओला करून एकाच दिशेनें फिरविल्यास केंसांची वळकटी आपोआप जमते.

उंबरठ्यापाशीं एक जाड गोणपाट आणि जुन्या धोतराचे दोन तुकडे कायमचे ठेवावे. फिरून आल्यावर पाय धुवून, बोटांच्या मधला ओलावा टिपून मगच त्याला आंत घ्यावें. स्नान मात्र वारंवार घालूं नये. निरोगी व आंखूड केंसांच्या कुत्र्यास महिन्याकांठीं एकदां पुरे. त्यासाठीं आपला साबण वापरूं नये, त्यानें त्याची त्वचा कोरडी पडून खाज सुटते. स्नानानंतरहि दुर्गंधि राहत असेल तर कान, दांत किंवा त्वचा यांपैकीं कांहीं बिघडलें आहे असें समजून पशुवैद्यास दाखवावें.

आतां पिसवांविषयीं. अंगावर दिसतात तेवढ्याच पिसवा घरांत आहेत असें मानणें ही मोठी चूक आहे. त्यांचीं अंडीं केंसांतून गळून फरशीच्या सांध्यांत व अंथरुणांत पडतात, आणि कोषांतील पिसू तर कित्येक महिने तशीच दबा धरून राहूं शकते. गोचिडीची मादी रक्त पिऊन फुगली कीं खालीं उतरते व भिंतीच्या भेगांत हजारों अंडीं घालते. अशा वेळीं नुसती फरशी घासणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! कुत्र्याला त्याच्या वजनाप्रमाणें पशुवैद्यानें सांगितलेलें औषध, अंथरुणाला दर आठवड्यास कढत पाणी व ऊन, आणि भिंतीच्या भेगांना सिमेंट, हे तिन्ही उपाय एकाच वेळीं केले तरच गुण येतो. अंथरूण विकत घेण्याचें कारण नाहीं; जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या शिवाव्या, म्हणजे एक धुण्यांत असतां दुसरी वापरतां येते.

कुत्र्यानें घरांत लघवी केल्यास ती पसरवीत घासूं नये. जुन्या कापडानें टिपून घेऊन गार पाण्यानें व मग साबणाच्या पाण्यानें ती जागा पुसावी. शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवरी फरशीवर व्हिनेगर अथवा लिंबू लावूं नये. हे दगड चुनखडीचे असल्यामुळें आंबट पदार्थानें त्यांची चकाकी कायमची जाते. ब्लीचिंग पावडर तर लघवीवर टाकूं नये आणि व्हिनेगरांत मिसळूं नये, कारण दोन्ही प्रकारीं विषारी वायु निघतो. फिनेलनें पुसलेली जमीन वाळेपर्यंत कुत्र्यास दूर ठेवावें; ओले पंजे चाटण्याची त्याला खोड असते. डांबराच्या गोळ्याहि त्याच्या तोंडास लागतील अशा जागीं ठेवूं नयेत, त्या त्याला विष होत.

इतक्या ठिकाणीं पैसा वांचतो. जेथें तो वांचवूं नये अशीं स्थळेंहि आहेत. रेबीजची लस पिल्लूं सुमारें तीन महिन्यांचें असतां पहिल्यानें टोंचावी व पुढें पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें चालू ठेवावी. पावसाळ्यांत पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे जंतु कुत्र्याच्या लघवींतूनहि येतात, म्हणून त्याचीहि लस विचारून घ्यावी. जंताचें औषध नियमानें द्यावें आणि विष्ठा रोजच्या रोज उचलावी. तींतील जंतांचीं अंडीं मुलांना बाधण्याजोगीं होण्यास कांहीं आठवडे लागतात. तेव्हां रोजची ही सफाई म्हणजे फुकट मिळालेलें औषधच आहे.

आणि आतां मुख्य गोष्ट. वरील कामांची यादी वाचून पत्रलेखिका भगिनी म्हणतील, "हीं सारीं कामें पुन्हां माझ्याच माथीं!" तसें होतां कामा नये. त्यांचें पत्र मीं दोनदां वाचलें. कुत्र्याला आणणारा एक, खेळणारा दुसरा, त्याच्या संगतींत वेळ घालविणारे तिसरे. परंतु त्याचा केर काढणाऱ्या मात्र त्या एकट्या. त्यांना टेकीस आणलें तें कुत्र्यानें नव्हे, या वांटणीनें. विंचरण्याचें काम मामंजींना आनंदानें करतां येईल. खुर्चींत बसून तें होतें, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याची सेवा कोणास जड वाटत नाहीं. फिरविणें, पाय धुणें आणि विष्ठा उचलणें हें त्याला आणणाऱ्या थोरल्याकडे. पाण्याचें भांडें व जेवणाची जागा धाकट्याकडे. महिन्याचें स्नान, भेगा बुजविणें व पशुवैद्याकडची फेरी यजमानांकडे. बाईंकडे गोधडी धुण्याचें काम तेवढें राहूं द्यावें.

ही वांटणी कागदावर लिहून दाराशीं लावावी आणि एक महिनाभर न रागावतां, पण न विसरतां चालवावी. महिन्यानंतरहि कामें कोणीं उचललीं नाहींत, तर कुत्र्यासाठीं दुसरें चांगलें घर पाहावें कीं काय, हा प्रश्न सर्वांनीं एकत्र बसून सोडवावा, मामंजींच्या समक्ष. त्या निर्णयाचा बोल एकट्या सुनेवर येऊं नये. घरच्या अन्नाला सोकावलेल्या मुक्या जिवाला रस्त्यावर सोडून देणें हा मात्र निर्णय नव्हे.

महिन्याअखेर काय झालें तें या भगिनीनें अवश्य कळवावें. मामंजींच्या हातीं ब्रश आलेला ऐकावयास मी उत्सुक आहें.