प्रश्न हौसेचा नव्हे, वसुलीच्या पद्धतीचा



मागील अंकातील पत्रात असे प्रतिपादन आहे की, बहुखेळाडू व्हिडिओ गेममधील ‘स्किन’, म्हणजे शस्त्राचे वा पात्राचे केवळ रूप बदलणारे आवरण, खेळाच्या निकालावर परिणाम करत नसल्याने त्यावरील खर्च निरुपद्रवी ठरतो. हौसेला मोल नसते हे मान्य केले, तरी ते मोल कोणत्या मार्गाने वसूल होते हा प्रश्न उरतोच. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये २०१३ पासून स्किन बंद पेट्यांतून निघतात व त्यांची किल्ली सुमारे अडीच डॉलरला विकत घ्यावी लागते, चीनमधील वितरकाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या प्रमाणानुसार सर्वांत दुर्मीळ वस्तू, उदाहरणार्थ सुरी, निघण्याची शक्यता ०.२६ टक्के, म्हणजे सरासरी ३८५ पेट्यांमागे एक असून, त्यासाठी नुसत्या किल्ल्यांवरच साडेनऊशे डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडते.

आकर्षण मात्र खोटे नाही, आणि त्याची हेटाळणी करणे अन्यायाचे होईल. शस्त्र सतत डोळ्यांसमोर असते, एक कळ दाबताच ते हातात फिरवून न्याहाळता येते, आणि प्रत्येक स्किनला शून्य ते एक यांमधील झिजेचा अंक कायमचा जोडलेला असल्याने एकाच नक्षीच्या दोन स्किनपैकी कोऱ्या दिसणारीला कितीतरी पट भाव येऊ शकतो. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये अशा सशुल्क पेट्या जुगारात गणल्या, तेव्हा आक्षेप रंगरूपावर नव्हता; आधी पैसे घेऊन वस्तू नंतर नशिबावर सोपवण्यावर होता. तीच स्किन ठरलेल्या किमतीला थेट विकल्यास हा आक्षेप राहत नाही.